महिपतीला माफी

कुरुंद पुलाच्या दुर्घटनेवरचं व्याख्यान रंगलं तर चिंतामणी सरांच्या पदरात काय पडणार, हे इंद्रायणीनं खुर्च्या मांडता मांडताच जोखलं होतं. इतिहास मंडळाचं अध्यक्षपद, वर्तमानपत्रात फोटो आणि श्रीमंतशेठच्या कृपेनं छापून येणारं पुस्तक. श्रीमंतशेठ म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या मंगल कार्यालयाचे मालक. हॉल त्यांचा, चहा-उप्पीट त्यांचं, फ्लेक्सवरचा फोटोही त्यांचाच, पुलाच्या फोटोपेक्षा मोठा. बदल्यात शेठना फारसं काही नको होतं. फक्त आपल्या आज्याचं नाव निघायला नको होतं.

कुरुंद ओढ्यावरचा रेल्वेपूल सत्तर वर्षांपूर्वी पुराच्या रात्री कोसळला आणि पॅसेंजरचे पुढचे डबे पाण्यात गेले, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्याचं दगडकाम शेठच्या आज्यानं घेतलेलं, हे ठाऊक असलेली माणसं आता शेठच्याच पंगतीला बसायची.

मागच्या महिन्यात सर इंद्रायणीला घेऊन दुधनीला गेले होते. ती मंडळाची चिटणीस, म्हणजे पिशवी आणि पाण्याची बाटली तिच्याकडे. तिथं मुक्ताबाई राहायच्या, पुलावरच्या पहारेकऱ्याची, महिपतीची लेक. महिपती त्या रात्री वाहून गेला. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारला गेला. झोपला होता म्हणे. मुक्ताबाईंनी सरांना शेंगापोळी वाढली, वर तूप सोडलं. पुन्हा वाढून घेतलेली पोळी मोडता मोडता सर म्हणाले होते, "बाई, तुमचे वडील झोपले नव्हते. कंदील हलवत गाडीसमोर धावले ते. वाचलेल्या ड्रायव्हरनं तसं सांगितलं होतं. पूल पडला तो खांबांत चुन्याच्या जागी माती भरली म्हणून. मी हे स्टेजवरून सांगणार."

"चार माणसांत सांगा, सर," मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. "कळाय लागल्यापास्नं झोपाळूची पोर म्हणून ऐकतीया मी. मरायच्या आदी येकदा दुसरं कायतरी ऐकू द्या."

म्हणून त्या आज आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, सरांसाठी शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. डबा सरांच्या हातात देऊन पहिल्या रांगेत बसल्या.

"सांगत्यात न्हवं आज?" त्यांनी विचारलं.

"सांगणार की, मावशी," इंद्रायणी म्हणाली. "त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला."

सरांनी पाऊस पाडला, विजा कडकडवल्या, इंजिनाची शिट्टीसुद्धा तोंडानं वाजवली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग आवाज खाली आणून सर म्हणाले, "आणि त्या काळरात्री पुलावरचा पहारेकरी काय करत होता? मंडळी, माणूसच तो. डुलकी लागली!"

इंद्रायणीनं सरांसाठी भरलेला पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला. शेठनी समाधानानं मान हलवली. खांब, चुना, माती यांवरून सर इतक्या सफाईनं पार झाले, की गाडी तशी गेली असती तर कुणी मेलंच नसतं.

तेवढ्यावर भागलं नाही. "त्या महिपतीच्या कन्या आज इथं आहेत," सर गहिवरून म्हणाले. "सोलापूरकरांचं मन मोठं आहे. चला, आज आपण सारे मिळून महिपतीला माफ करू या!"

टाळ्या कडाडल्या. मुक्ताबाईंना हाताला धरून वर नेलं. शेठनी त्यांच्या अंगावर सोलापुरी चादर घातली आणि फोटोसाठी धरून ठेवली. ज्याच्या आज्यानं माती भरली, त्याचाच हात आता त्या खांद्यावर होता.

"माफी कशाची, सर?" मुक्ताबाई माइककडे वळल्या. "तुमी तर माज्या घरात..."

सरांनी हसत माइक बाजूला घेतला. "बाई भारावल्यात!"

पुन्हा टाळ्या.

आभार मानायचं काम चिटणिसाचं. इंद्रायणी माइकपाशी गेली. "आभार" हा शब्द ऐकताच रिवाजाप्रमाणे खुर्च्या सरकल्या आणि सभा उप्पिटाकडे धावली.

"श्रीमंतशेठच्या आजोबांचे आभार, त्यांनी पुलाच्या खांबांत माती भरली. सरांचे आभार, दुधनीत तूप खाऊन जे बोलले, ते इथं गिळलं. आणि महिपतींचे आभार. ते झोपले नव्हते. कंदील घेऊन गाडीसमोर..."

शेठनी बोट हलवलं, माइक बंद झाला.

"मॅडम, आटपा की," मागून कुणीतरी बशी उंचावून ओरडलं. "शेवेचं बघा जरा, संपली हितली!"

मुक्ताबाईंनी चादर घडी घालून खुर्चीवर ठेवली. "ऐकलं मी, पोरी," त्या म्हणाल्या. "पर मी तर आदीपास्नंच जाणते. ज्यांनी ऐकायचं, ती खायाला गेली. माजा डबा दे आणून."

डबा सरांच्या मांडीवर होता, रिकामा. तुपाची बोटं चोखत सर म्हणाले, "शेंगापोळी झकास होती, सांगा हं बाईंना."

 इंद्रायणीनं डबा नळाखाली धरून घासघासून धुतला, मगच मुक्ताबाईंच्या हातात दिला.

पुढं सर अध्यक्ष झाले. शेठच्या आज्याचं नाव पुस्तकात आलं, दानशूर म्हणून. इंद्रायणीचं चिटणीसपद गेलं. पिशवी आता दुसरं कुणी उचलतं. पुलाची भरपाई मात्र दोन्ही वेळा महिपतीनंच केली. तेव्हा जीव देऊन, आता माफी घेऊन.