तिसरा राजा आणि तांब्याभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाच लिटरचा कुकर आहे. माझं फारसं मागणं नाही. माझ्यात पाणी घालायचं की नाही, एवढं एकदा माणसांनी आपापसांत ठरवून टाकावं, बस्स. गेल्या नाताळात या एका गोष्टीवरून माझी जी दशा झाली, ती आठवली की अजून माझं झाकण तापतं.

पण आधी माझी ओळख करून देतो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर यंत्राचा दणका बसला आणि मी खोलगट झालो. नाकाजवळ कारखान्याचं नाव कोरलं होतं, ते आता घासून घासून गेलं. मी वसईच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर बसलो होतो, तेव्हा कार्मेलीन नावाची मुलगी लग्नाची भांडी घ्यायला आली. तिने माझ्या पोटावर बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मला उचललं. तेव्हापासून मी तिचा.

वसईत माझे दिवस चांगले गेले. डाळ, भात, वाल, रविवारी मटण. कामाला मी कधीच नाही म्हटलं नाही. एकदा माझी मूठ तुटली, तेव्हा कार्मेलीनच्या नवऱ्याने, इनासने, तिला तांब्याची तार गुंडाळली. इनास केळीच्या वाडीत राबणारा माणूस. तार त्याने इतकी घट्ट आवळली, की ती आजही जागची हललेली नाही. त्याच्या रागाचंही तसंच होतं, पण ते पुढे येईलच.

वर्षातून एकदा मात्र कार्मेलीन माझ्यावर एक प्रयोग करायची. नाताळ आला की ती समुद्रावरची बारीक वाळू धुऊन, वाळवून माझ्या तळाशी पसरायची, त्यावर पिठाचा डबा ठेवायची, वर झाकण लावायची. रबर काढलेलं, शिट्टी काढलेली, आणि पाणी अजिबात नाही! पहिल्या वर्षी तर मला वाटलं, ही बाई मला जाळून टाकणार. मग तासाभराने झाकण उघडलं आणि साऱ्या घरात केकचा वास सुटला. शेजारच्या बायका मला वाकून बघून गेल्या. तेव्हापासून मी वर्षातला तो एक कोरडा दिवस सोसायला शिकलो. कौतुक झालं की माणूसच काय, कुकरही पुष्कळ सोसतो.

मग त्यांच्या मुलीचं, जसिंताचं, लग्न ठरलं. म्हणजे तिचं तिनेच ठरवलं. मुलगा भिवंडीजवळच्या टेमघरचा, प्रितेश, मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर. धर्म वेगळा, जात वेगळी. इनास भडकला. लग्नाला गेला नाही तो नाहीच, वर सगळ्यांदेखत म्हणाला, ''त्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही.'' बोलून गेला खरा, पण असं बोललेलं परत गिळता येत नाही. एक वर्ष झालं, दोन झाली, नात झाली, तरी तो आपल्या शब्दाला चिकटून बसला.

कार्मेलीन मात्र चिकटून बसली नाही. एका सकाळी तिने मला घासलं, वाळूचा डबा माझ्या पोटात ठेवला, मला तांदळाच्या पोत्यात घातलं आणि वसई स्टेशनबाहेर जसिंताच्या हाती दिलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की जुना कुकर भंगारवाल्याला दिला. भंगार! माझ्या आयुष्यात माझ्याविषयी इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं. पण तिचा नाइलाज होता. जसिंता मला मांडीवर घेऊन रिक्षात बसली. कामणच्या रस्त्यावर माझं झाकण इतकं आपटलं, की भिवंडीच्या अंजूरफाट्याला पोहोचेपर्यंत मला माझं नावगाव आठवेना.

पुढच्याच पावसाळ्यात कार्मेलीन आजारी पडून गेली.

टेमघरला मी भातच शिजवत राहिलो. वाळूचा डबा माळ्यावर गेला. नाताळ आला की प्रितेश बेकरीतून खोक्यातला केक आणायचा, सगळे ''वा, वा'' म्हणायचे, आणि जसिंता कोपऱ्यातला एक तुकडा खाऊन उठायची. आईसारखा केक करायचा तिला धीरच होत नव्हता.

गेल्या वर्षी मात्र वेगळंच घडलं. जसिंताची पाच वर्षांची मुलगी ऋतिका. घरात नाताळचा गोठा मांडायचा होता. तिचे आजोबा, म्हणजे प्रितेशचे वडील केसरीनाथ, हौशी माणूस. त्यांनी गणपतीचं मखर काढून दिलं, ''याच्यात मांडा, दोगंबी देवच हायेत.'' दारात तारा हवा होता, तर दिवाळीचा आकाशकंदील पुन्हा टांगला. ''पाच टोकं हायेत का न्हाय? मग झाला की तारा!'' प्रितेशने गोदामातून खोकं फाटलेलं नाताळचं झाड स्वस्तात आणलं, त्याला शेंडाच नव्हता. त्या बोडक्या झाडावर ऋतिकाने हळदीकुंकवाला आलेल्या प्लास्टिकच्या डब्या लटकवल्या. मी ओट्यावरून हे सगळं बघत होतो आणि कपाळाला हात लावायला मला हात नाही, याचं वाईट वाटत होतं.

गोठ्यात बाळ होतं, आई होती, गाय होती. भेट घेऊन येणारे तीन राजे हवे होते, त्यातला एक फुटला होता. त्याच्या जागी ऋतिकाने काय ठेवावं? माझी शिट्टी! तिला पिवळ्या चिंधीचा झगा घालून चक्क राजांच्या रांगेत उभं केलं. मग वसईच्या आजोबांना फोन लावला. फोनवर ती दोघं अधूनमधून बोलायची, तेवढी सूट इनासने स्वतःला दिली होती.

''आजोबा, आमच्याकडे एक राजा कमी आहे. तुम्ही आणाल?''

इनास म्हणाला, ''आणतो. राजा देऊन लगेच परत जाईन.''

जसिंताने हे ऐकलं आणि खुर्ची लावून माळ्यावरून वाळूचा डबा काढला. सहा वर्षांनी बाप पहिल्यांदाच दारात येणार होता. लगेच परत जाणार होता. त्याला घटकाभर तरी बसवण्यासारखी तिच्याजवळ एकच गोष्ट होती, आईचा केक. प्रितेश म्हणाला, ''अगं, ऑर्डर करू ना मस्त.'' तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने फोन खिशात घातला.

पंचवीस तारखेला सकाळी तिने वाळू पसरली, पीठ फेटलं, डबा ठेवला, त्यावर ताटली झाकली, मंद आचेवर मला चढवलं. तो ओळखीचा कोरडा चटका बसला आणि खरं सांगतो, मला कार्मेलीनची फार आठवण आली. जसिंता आंघोळीला जाताना प्रितेशला म्हणाली, ''आईंना सांग, कुकरला हात लावू नका.'' प्रितेश ''हो, हो'' म्हणाला, फोन कानाला लावला आणि सासऱ्यांना आणायला अंजूरफाट्याला निघून गेला. सांगितलं कुणालाच नाही.

आणि धोंडूबाई स्वयंपाकघरात आल्या.

मित्रांनो, धोंडूबाई म्हणजे जसिंताची सासू. बाई मनाने चांगली, सुनेला जीव लावणारी. पण जीव लावणाऱ्या माणसांच्या हातून जे नुकसान होतं, ते दुश्मनालाही जमत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रबर बाजूला पडलेलं. शिट्टी नाही. झाकण उचललं तर पाणी नाही! चष्मा राहिला होता देवघरात. तळाची वाळू त्यांना डाळ वाटली आणि वरचा डबा भाताचा.

''आगो बाय माजे!'' त्या स्वतःशीच ओरडल्या. ''पानी न्हाय, रबर न्हाय, शिट्टी न्हाय! बाप येनार म्हनून पोरीचा ध्यानच न्हाय जाग्यावर. सगला जलून जाईल ना!''

मी काय करणार? मला बोलता येतं ते फक्त शिट्टीने, आणि माझी शिट्टी राजा होऊन मखरात उभी. धोंडूबाईंनी तांब्याभर पाणी माझ्यात ओतलं. तापलेल्या वाळूवर गार पाणी! माझा जीव चर्रर्र झाला. त्यांनी रबर बसवलं. मग गोठ्यातून राजा उचलला, त्याचा झगा काढला, त्याला माझ्या डोक्यावर ठेवलं, आच मोठी केली आणि सुनेची चूक निस्तरल्याच्या समाधानात तुळशीला पाणी घालायला गेल्या.

पहिली शिट्टी झाली तेव्हा इनासचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. शिट्टीबरोबर माझ्या नाकातून वाळूचं पाणी उडालं ते थेट छताला. भिंतीवर, डब्यांवर, दिवाळीत दिलेल्या रंगावर तपकिरी ठिपकेच ठिपके. वाळू आणखी थोडी नळीत अडकली असती, तर ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो. जसिंता ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला आणि खालीच बसली.

''आई, तो केक होता.''

''केक?'' धोंडूबाई दारात थिजल्या. ''चुलीवर? मना काय म्हाईत, बाय! केक तर दुकानात मिलतो. मना वाटला, पोर पानी टाकाला इसरली.''

जसिंता रागावली नाही. तेच वाईट होतं. ती नुसती बघत राहिली, छताकडे.

बाहेर इनास खुर्चीच्या कडेवर बसला होता. केसरीनाथांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ''तहान नाही,'' तो म्हणाला. ग्लास तिथेच राहिला. त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला राजा काढून ऋतिकाला दिला आणि घड्याळाकडे पाहिलं. त्याचं काम झालं होतं.

पण ऋतिका त्याचं बोट धरून ओढू लागली. ''आधी आमचा तिसरा राजा बघा! तो कुकरवर बसलाय!'' असा तो स्वयंपाकघरात आला आणि त्याने मला पाहिलं.

तो शिट्टीकडे बघत नव्हता. माझ्या मुठीकडे बघत होता, तारेकडे. पुढे येऊन त्याने तारेवरून अंगठा फिरवला.

''हा भंगारात गेला होता.''

''मम्मीने दिला,'' जसिंता म्हणाली. ''स्टेशनबाहेर. पोत्यात घालून. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.''

मी अजून गरम होतो, तरी इनासने मुठीवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, ''म्हणजे तिचा राग केव्हाच गेला होता. मी एकटाच धरून बसलो.''

जसिंताने झाकण काढलं. डब्यातला केक केक म्हणण्यासारखा राहिला नव्हता. मधे बसलेला, पांढुरका, वाफेवर शिजलेल्या सांदणासारखा ओलसर. तिने तो लपवायला ताटली पुढे ओढली, तेवढ्यात धोंडूबाईंनी तिचा हात धरला.

''ऱ्हाव दे,'' त्या म्हणाल्या, आणि सरळ इनासकडे वळल्या. ''व्याही, आदीच सांगतंय. याच्यात आमच्या घरचा पानी गेलाय. तांब्याभर. मीच वतलाय. तुमी काय बोल्लेलाव ते आमाला सगल्यांना म्हाईत हाय. नको आसंल तर नका खाव. पन पोरीची चूक न्हाय.''

शेजारच्या गाळ्यातल्या यंत्रमागाचा तेवढा खडखडाट ऐकू येत होता.

इनासने चमचा मागितला. डब्यातूनच एक घास घेतला. चावता चावता थांबला. दाताखाली वाळू आली असणार, दुसरं काय!

''कार्मेलीनच्या केकमध्येही वाळू यायची,'' तो म्हणाला. ''दरवर्षी. मी कधी बोललो नाही तिला.'' त्याने दुसरा घास घेतला. डोळे पुसले. मग धोंडूबाईंना म्हणाला, ''घशात बसतोय हो. तो पाण्याचा ग्लास आणता का?''

धोंडूबाई स्वतः धावत गेल्या. त्या ग्लासाची वाट जसिंताने सहा वर्षं पाहिली होती. ती ओट्याला टेकून रडली आणि तिला कुणीच रडू नको म्हटलं नाही.

इनास लगेच परत गेला नाही. दुपारी जेवला. संध्याकाळच्या भाताला शिट्टी हवी होती, पण ऋतिकाने ती पुन्हा झगा घालून गोठ्यात उभी केलेली. आता तिला चार राजे हवे होते. शेवटी इनासनेच तिची समजूत घालून राजाला भातापुरतं मागून आणलं. निघताना लेकीला म्हणाला, ''पुढच्या नाताळला घरी या सगळे. हा कुकरही घेऊन ये.'' म्हणजे पुन्हा तो कामणचा रस्ता! माझ्या झाकणाचा विचार कुणी करतच नाही. पण मी जाणार आहे. वाळू गच्चीवर वाळवून डब्यात भरून ठेवलीय. छतावरचे ठिपके मात्र अजून तसेच आहेत, आणि धोंडूबाई ते कुणाला पुसू देत नाहीत.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. माझं रबर वेळेवर बदला, नळी उजेडाकडे धरून बघत जा, शिट्टी जागेवर ठेवा. दुसऱ्याच्या भांड्यात पाणी ओतण्याआधी एक हाक मारून विचारा. आणि प्रेमाने, न विचारता, तांब्याभर पडलंच, तर डबा लगेच फेकून देऊ नका. आमच्या घरी तो इनासने चमच्याने खरवडून संपवला.