ग्रीनलँडची एकसष्ट पत्रं

पद्मिनी तांडेल हिने पीएच.डी.चा विषय सांगितला तेव्हा तिचे गाइड प्रोफेसर व्हिटकॉम यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही १९८३ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मिनियापोलिसला त्या वर्षी बर्फ लवकर पडला होता, आणि खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने रस्ता खरवडत होतं.

"ग्रीनलँड?" ते म्हणाले. "युरोपच्या कॉमन मार्केटमध्ये कोण शिरलं, का शिरलं, यावर शेकडो पुस्तकं आहेत. बाहेर पडणारा हा एकटाच. पन्नास हजार माणसं आणि मासे. एका अपवादावर थिअरी उभी राहत नाही, मिस तांडेल."

"पण सर, अजून ते बाहेर पडलेलेच नाहीत. मतदान होऊन दीड वर्ष झालं. अजून वाटाघाटीच चालल्यात. लोकांना त्याचं काय वाटतंय ते कुणीच विचारलेलं नाही."

"मग तुम्ही विचारा," व्हिटकॉम म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत मटेरियल दाखवा. नाहीतर दुसरा विषय घ्या."

ते वाईट नव्हते. त्यांना फक्त खात्री होती की काही मिळणार नाही.

पद्मिनी हर्णैची. बाप स्वतःच्या होडीचा तांडेल, आई बंदरावर मासळीच्या लिलावाला बसणारी. गावातली मुलगी मुंबईला कॉलेजात गेली याचंच हर्णैला अप्रूप होतं. ती पुढे अमेरिकेला गेली तेव्हा काहींनी बापाला वेड्यात काढलं. ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तिने पेपरात एक छोटीशी बातमी वाचली. ग्रीनलँडने युरोपच्या कॉमन मार्केटमधून बाहेर पडायचा कौल दिला होता. शंभरातले बावन्न-त्रेपन्न बाहेर म्हणाले, बाकीचे राहा म्हणाले. भांडण मुख्यतः माशांवरून होतं. युरोपातल्या बड्या बोटींनी आमच्या दारातली मासळी न्यायची, आणि कुणी किती न्यायची ते ब्रसेल्समध्ये ठरायचं, हे तिथल्या लोकांना मान्य नव्हतं. तिने बातमी दोनदा वाचली. ट्रॉलर किनाऱ्याला घासून गेला की बापाचं जाळं कसं रिकामं यायचं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिची रूममेट सुचित्रा, पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सवाली, हसून हसून लोळली. "अगं, आधीच आपण बर्फात राहतोय, त्यात अभ्यासही बर्फाचाच? काहीतरी सेन्सिबल टॉपिक घे ना यार!"

पद्मिनीने ग्रीनलँडच्या दोन वर्तमानपत्रांना पत्र धाडलं. 'मी भारतातली, कोळ्याची मुलगी, अमेरिकेत शिकते. तुम्ही काय मत दिलंत, का दिलंत, आणि निकाल लागल्यावर तुम्हाला काय वाटलं, हे मला लिहून कळवाल का?' खाली पत्ता.

नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. संक्रांतीला ईडन प्रेरी उपनगरातल्या लताकाकूंकडे सगळे मराठी विद्यार्थी जेवायला जमले, तेव्हा काकूंचे यजमान जगन्नाथकाका दर वाढणीला विचारायचे, "काय, आलं का टपाल?" आणि सगळे हसायचे. पद्मिनीही हसायची. बसमधून परतताना मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक जाड पाकीट आलं. दुसऱ्या दिवशी तीन. मग रोज. एप्रिल उजाडेपर्यंत एकसष्ट पत्रं झाली. काही टाइप केलेली, काही शाळेच्या वहीच्या पानांवर, एक तर मासळीच्या कारखान्यातल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर.

आणि त्यातलं एकही इंग्रजीत नव्हतं; ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यातलं, त्यामुळे बहुतेक पत्रं डॅनिशमध्ये होती.

"म्हणजे तू इंग्लिशमध्ये विचारलंस आणि पेपरवाल्यांनी ट्रान्सलेट करून छापलं," सुचित्रा म्हणाली. "मग लोक कशाला इंग्लिशमध्ये लिहितील? कमाल आहे तुझी!"

युनिव्हर्सिटीतला डॅनिश शिकवणारा एकुलता एक माणूस रजेवर होता. शेवटी सेक्रेटरीने शहरातल्या डॅनिश क्लबचा फोन नंबर दिला, आणि क्लबाने इंगर सोरेनसन यांचं नाव सांगितलं. वय चौऱ्याहत्तर, जन्म डेन्मार्कचा, उभी हयात मिनेसोटात शाळामास्तरणी. पद्मिनीला एवढ्या वयाच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणं जमेना. शाळेत शिकवणाऱ्यांना आमच्याकडे बाई म्हणतात, असं सांगून तिने इंगरबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते आवडलं की नाही, ते कळलं नाही.

विषय मात्र मुळीच आवडला नाही.

"त्या लोकांना डेन्मार्कने शाळा दिल्या, दवाखाने दिले," कॉफी ओतता ओतता इंगरबाई म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ तिथे अकरा वर्षं डॉक्टर होता. आणि आता हे आमच्या तोंडावर दार आपटून निघालेत."

"ते बाजारातून निघालेत, बाई. डेन्मार्कमधून नाही."

"आज बाजारातून. उद्या आमच्यातून." त्यांनी पत्रांचा गठ्ठा पुढे ओढला. "बाहेर पडा म्हणणाऱ्यांची पत्रं तुला हवी असणार. तशी तू दिसतेसच. मी भाषांतर करीन, पण एका अटीवर. राहा म्हणणाऱ्यांचं एकही पत्र गाळायचं नाही. कुणालाच गाळायचं नाही."

"कबूल," पद्मिनी म्हणाली.

मग दर शनिवारी सकाळी बैठक सुरू झाली. इंगरबाई मोठ्याने वाचायच्या, पद्मिनी लिहून घ्यायची. सुरुवातीला बाईंचा आवाज कोरडा असायचा, परीक्षेत उतारा वाचावा तसा. मासळीच्या कारखान्यातल्या एका बाईने लिहिलं होतं, 'मी राहा म्हणून मत दिलं, कारण माझा मुलगा ज्या तंत्रशाळेत शिकतो ती युरोपच्या मदतीने झाली. नवऱ्याने बाहेर म्हणून दिलं. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी कुत्र्यामार्फत बोललो.' हे वाचून इंगरबाई पहिल्यांदा हसल्या. एका शिक्षिकेने लिहिलं होतं, 'बहात्तर साली आम्ही नको म्हणालो होतो. दहापैकी सात जण. तरी डेन्मार्कच्या मागोमाग आम्हाला आत नेलं. लग्नाला विचारलं नाही, आणि आता काडीमोडाला मात्र कारणं विचारतात.' एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने फक्त चार ओळी धाडल्या होत्या. 'रात्री समुद्रात परदेशी बोटींचे दिवे लागायचे. मोठं शहर वाटायचं. आमच्या गावात तेव्हा चार दिवे होते. मी त्या शहराविरुद्ध मत दिलं.'

बाईंनी त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाल्या, "भावाच्या पत्रात हे कधी नव्हतं."

नऊ पत्रं ग्रीनलँडच्या भाषेत होती. ती इंगरबाईंनाही वाचता येईनात. "ही नऊ राहू देत," त्या म्हणाल्या. "बावन्न पुष्कळ झाली."

"कुणालाच गाळायचं नाही, असं ठरलंय," पद्मिनी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्याच अटीत त्यांना कुणी पकडलं, असं बहुधा पुष्कळ वर्षांत झालं नसावं. त्याच दुपारी दोघींनी नऊ पत्रांच्या फोटोकॉपी काढल्या आणि त्या काडीमोडवाल्या शिक्षिकेला पाठवल्या. तिने सहा आठवड्यांत डॅनिश भाषांतर करून परत धाडलं. वर लिहिलं, 'यातली चार माझ्या विरुद्ध बाजूची आहेत. एक शब्दही बदललेला नाही. राग गिळून केलं.'

जूनमध्ये पद्मिनीने गठ्ठा व्हिटकॉमसमोर ठेवला. ते तासभर वाचत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "चालू ठेवा."

तिकडे ग्रीनलँडचं निघणं काही सरळ नव्हतं. मासेमारीचे परवाने कुणाला, किती, यावर घासाघीस झाली. करार झाला, पण तो प्रत्येक देशाने मंजूर करायचा होता; त्यात एकाची मंजुरी रेंगाळली. एक जानेवारीला व्हायची सुटका महिनाभर पुढे गेली. अखेर पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीच्या एक तारखेला ग्रीनलँड बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि डॅनिश क्लबाच्या हॉलमध्ये पद्मिनीचं भाषण. ते इंगरबाईंनी ठरवलं होतं, तिला न विचारता.

बाहेर उणे वीस. तरी हॉल भरला. दीडशेच्या आसपास माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची, डेन्मार्कमधून आलेल्यांची मुलं-नातवंडं. मागच्या रांगेत जगन्नाथकाका, लताकाकू आणि सुचित्रा. एका कडेला ओव्हरकोट न काढता बसलेले प्रोफेसर व्हिटकॉम.

पद्मिनीने निळी सुरतेची साडी नेसली होती आणि खाली बर्फाचे बूट. तिने सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटालाच तिसऱ्या रांगेतले एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. जन्मभर धान्याचा व्यापार केलेले, सगळे त्यांना ओळखत होते.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "पन्नास हजार लोक एवढी मोठी बाजारपेठ लाथाडतात, हा शुद्ध मूर्खपणा आहे. दहा वर्षांत परत येतील, नाक घासत. आणि दुसरं, राग मानू नका, पण यात तुमचा काय संबंध? तुम्ही इंडियाच्या."

हॉलमध्ये कुजबुज झाली. जगन्नाथकाका अर्धवट उठले; काकूंनी त्यांना कोटाला धरून खाली बसवलं.

 पद्मिनीने हातातले कागद टेबलावर ठेवले.

"माझे वडील कोळी आहेत," ती म्हणाली. "आमच्या समुद्रात मोठ्या बोटी येतात. कुणी यावं, किती न्यावं, हे वडिलांना आजवर कुणी विचारलेलं नाही. या एकसष्ट लोकांना निदान एकदा विचारलं गेलं. त्यांनी काय उत्तर दिलं, ते बरोबर की चूक, हे मी सांगणार नाही. तुम्ही ऐका आणि ठरवा. मूर्ख कोण ते मग बोलू."

तिने इंगरबाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, मंचावर आल्या आणि पत्रं डॅनिशमध्ये वाचू लागल्या. एक परिच्छेद त्या, मग तोच इंग्रजीत पद्मिनी. एक बाहेरवाल्यांचं, एक राहणाऱ्यांचं. कुत्र्यामार्फत बोलणाऱ्या जोडप्यावर हॉल हसला. पुठ्ठ्यावर लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं, 'मी हरलो. माझ्या मते हे चूक आहे. पण निकालाच्या रात्री चौकात लोक नाचत होते, तेव्हा मला घरात बसवेना.' ते ऐकताना एक म्हातारी रुमाल शोधू लागली. शिकाऱ्याच्या चार ओळी बाईंनी डॅनिशमध्ये आणि मग इंग्रजीतही एकट्यानेच वाचल्या. 

आणि मग हॉल फुटला. अक्षरशः. एक बाई ओरडली की हे लोक कृतघ्न आहेत. तिच्याच बहिणीने उभं राहून सांगितलं की आपले आजोबा डेन्मार्क सोडून आले तेव्हा त्यांनाही लोक हेच म्हणाले होते. एक माजी पाद्री म्हणाले, मासळी संपली तर ध्वज खाणार का? कुणी म्हणालं, मासळी दुसऱ्याने नेली तर तरी काय खाणार? नवरा-बायको एकमेकांकडे वळून वाद घालू लागले. धान्याचे व्यापारी तर तीन माणसांशी एकाच वेळी भांडत होते आणि त्यांचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. ज्या प्रश्नाला व्हिटकॉम अपवाद म्हणाले होते, तो बर्फाने वेढलेल्या या हॉलमध्ये दीडशे माणसांच्या तोंडी खेळत होता.

इंगरबाईंनी टेबलावर हात आपटला. शाळामास्तरणीचा हात तो, क्षणात शांतता.

"मतदान घेऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथले असता तर? राहा म्हणणारे, हात वर."

त्र्याहत्तर झाले. बाहेर म्हणणारे सत्तर. ग्रीनलँडच्या उलट, पण फरक इतका थोडा की सगळे हसायलाच लागले. व्यापारी गृहस्थांचा हात कशालाच वर नव्हता. "मला विचार करायला वेळ हवा," ते गुरगुरले, आणि लोकांनी त्यासाठीच टाळ्या पिटल्या.

इंगरबाईंचा हात 'राहा'ला होता. पद्मिनीने ते पाहिलं. बाई तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "मी आजही राहा म्हणूनच मत देणार. पण तासाभरापूर्वी इथे दीडशे लोकांना सगळं माहीत होतं. आता कुणालाच खात्री नाही. हे तू केलंस."

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, कारण जगन्नाथकाकांना आता कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, आणि मग सगळ्या हॉलमधून. सुचित्रा खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "वन्स मोअर!", जणू नाटकाचा प्रयोगच संपला होता. व्हिटकॉम ओव्हरकोट घातलेलेच मंचाशी आले.

"मिस तांडेल, मी चुकलो होतो," ते म्हणाले. "हे लिहा. आजचा हॉलसुद्धा लिहा. शेवटचं प्रकरण मिळालं तुम्हाला."

तिने लिहिलं. वर्षभर लागलं. शहाऐंशीच्या मे महिन्यात तिची तोंडी परीक्षा झाली. पाच प्रोफेसर, अडीच तास, उलटसुलट प्रश्न. न्यूयॉर्कहून आलेल्या परीक्षकाने विचारलं, "तुमच्या प्रबंधात दोन्ही बाजूंना इतकी समान जागा कशी मिळाली?" ती म्हणाली, "भाषांतरकाराची अट होती." ते हसले, आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये पाऊल ठेवलं तर तिथे पंचवीस-तीस माणसं. डॅनिश क्लबातली अर्धी मंडळी मोठ्ठा केक घेऊन, लताकाकू श्रीखंडाचा डबा घेऊन, जगन्नाथकाका कॅमेरा घेऊन. धान्याचे व्यापारीही होते; ते इंगरबाईंशी कॉड माशाच्या भावावरून हुज्जत घालत होते. पलीकडच्या खोलीत कुणाचा तरी वर्ग चालू होता आणि सेक्रेटरी सगळ्यांना गप्प बसा म्हणून हात जोडत होती.

दहा मिनिटांनी दार उघडलं. व्हिटकॉम बाहेर आले. कॉरिडॉरभर नजर फिरवून, हात पुढे करून म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर तांडेल."

त्यानंतर गप्प बसणं कुणालाच जमलं नाही, सेक्रेटरीलासुद्धा. इंगरबाई डॅनिशमध्ये काहीतरी गाऊ लागल्या, क्लबाने सूर धरला. लताकाकूंनी पेपर प्लेटा वाटल्या. पलीकडच्या वर्गाचे शिक्षक वैतागून दार उघडून बाहेर आले, आणि तोंडातून शब्द निघायच्या आत त्यांच्या हातात कुणीतरी श्रीखंड ठेवलं.