दहाचे चार

संशय घ्यायचाच असेल तर आधी चार शब्द विचारून मग घ्यावा, हे मला आता पटतं. २०१० साली पटत नव्हतं. दर्यापूरच्या शाळेत गणित शिकवायला लागून तेव्हा मला सव्वीस वर्षं झाली होती, आणि रमाबाईंचं गणित चुकलं असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

त्या उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना संगणकाच्या प्रशिक्षणासाठी अकोल्याला बोलावलं. तिथल्या प्रशिक्षकानं इंटरनेटवर प्रत्येक शाळेचं एक मोकळं पान उघडून दिलं. शिक्षकांनी त्यावर धडे आणि गणितं लिहायची, मुलांनी संगणकाच्या तासाला ती वहीत उतरवायची. इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला, "ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी. कोणीही करू शकतं." मी तिथेच विचारलं, "कोणीही म्हणजे कोण?" तो नुसता हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. माझ्या फळ्यावर मी हेडमास्तरांनासुद्धा खडू टेकवू देत नाही.

समाधान एवढंच, की पानाच्या कोपऱ्यात 'इतिहास' असा शब्द होता. तो दाबला की काय बदललं, कधी बदललं आणि कोणी, हे नावासकट दिसायचं. नाव म्हणजे सही, असं मी धरून चालले.

संगणकखोलीची किल्ली निखतकडे असायची. ती विज्ञान शिकवायची, शिक्षणसेवक म्हणून लागलेली. तीन वर्षं भरत आली होती. वरिष्ठांचा अभिप्राय चांगला गेला की कायम, नाही तर घरी. वडील अब्दुल गफ्फार गाद्या भरायचे, पण दम्यानं बसले होते. घर तिच्यावर चालायचं. मला माझ्या नावानं पान उघडून द्यायचं कामही तीच करायची. मी शनिवारी बसून नुसती गणितं टाइप करायची.

डिसेंबरात नववीच्या वह्या तपासायला घेतल्या. गणित साधं होतं: एका एकरात दहा क्विंटल कापूस, तर चार एकरांत किती? उत्तर चाळीस. बेचाळीस वह्यांत लिहिलं होतं, सोळा. मी बेचाळीस लाल फुल्या मारल्या आणि वर्गाला उभं केलं. तेव्हा स्वराली नावाची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पानावर दहा नाई, चार आहे."

खरंच चार होते. दुसऱ्या गणितात मजूर दिवसाला शंभर किलो कापूस वेचत होता, त्याचे चाळीस झाले होते. तिसऱ्यात माझा पंप सलग आठ तास चालत होता, तो तीन तासांवर आला होता आणि पुढे लिहिलं होतं, "मंग लाईन गेली." ही तर सरळसरळ माझी टिंगल होती. इतिहास दाबला. निखत. निखत. निखत. तिन्ही वेळा मधल्या सुट्टीत.

मी आकडे पूर्ववत केले. मंगळवारी पुन्हा चार. पुन्हा दहा केले, गुरुवारी पुन्हा चार. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं तर सावध होईल, असा माझा हिशेब. उलट मी लक्ष ठेवायला लागले. लोडशेडिंगमुळे वीज साडेबाराला यायची, आणि ती आली की निखत डबा घेऊन संगणकखोलीत जायची, दार लोटून घ्यायची. मुलांची खिचडी शिजवणारी कौशल्या रोज तिथे एक ताट घेऊन जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. मी म्हटलं, बाईसाहेबांना डबा पुरत नाही, वर सेवेला माणूसही लागतं. एकदा निखत मला पाहून गप्प झाली, तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

आणि खरं सांगायचं तर, तिथे दुसरं एखादं नाव असतं तर मी आधी विचारलं असतं. 'त्या लोकांपासून जरा सांभाळून' हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलेलं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नव्हते. त्याची मला लाज वाटते.

जानेवारीत हेडमास्तर देवमन गावंडे यांनी निखतबद्दल माझा अभिप्राय मागितला. मी लिहून दिलं: 'सदर शिक्षिका ज्येष्ठ शिक्षकांच्या कामात हेतुपुरस्सर बिघाड करतात. सेवेत कायम करू नये.' गावंडे सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्याडम, एकडाव पोरीले बोलून तं पाहा." मी म्हटलं, पुरावा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं शिपाई कागद घेऊन अमरावतीला गेला.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी संगणकखोलीचं दार ढकललं. तिला रंगेहाथ धरायची मला हौस होती. निखत खिडकीपाशी दाराकडे पाठ करून वह्या तपासत बसली होती. संगणकासमोर कौशल्या होती, शेजारी तिचं स्वतःचं खिचडीचं ताट. लुगड्याचा पदर खोचलेला, एका बोटानं ती अक्षर शोधत होती. समोर माझं गणित होतं.

"काय करतेस तू?" मी विचारलं.

"दुरुस्त करून राहिली बाई," ती म्हणाली. तिला भीती वाटलेली दिसली नाही. "निखतबाईनं सांगतलं, चूक दिसली तं कोनीबी दुरुस्त कराव. दहा क्विंटल कोनाच्या वावरात होते? आमच्या कोरडवाहूत चार झाले तं लय झाले. अन् शंभर किलो कोन येचते एका दिवसात? मी पंधरा वर्सं येचला. पोरं खोटं शिकून राहिले ना. मी सुदारतो अन् कोनीतरी परत बिघडवते."

निखत उठून उभी राहिली. "म्याडम, ती चौथीत शाळा सुटलेली. वाचायला शिकते म्हणाली, म्हणून मी माझ्याच नावानं पान उघडून देते. ती आकडे बदलते हे मला माहीत नव्हतं. सरांना सांगू नका, तिला कामावरून काढतील." मला पाहून ती का गप्प झाली होती ते आता कळलं.

सव्वीस वर्षं मी पुस्तकातला दहा क्विंटलचा एकर शिकवला होता. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कोरडवाहू घरांतून यायची, आणि एकानंही मला कधी हटकलं नव्हतं. मी बाहेर आले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून अमरावतीची जीप धरली.

शिक्षण विभागात आवक-नोंदीला बेबीताई नावाच्या लिपिक होत्या. मी म्हटलं, सकाळचं पत्र परत हवं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे केलं. "नंबर पडला बाई. आता कागद फाईलीतून निघत नाई. तुमाले दुसरं द्याचं तं द्या. दोन्ही राहतील."

मी तिथेच उभ्याउभ्या दुसरं लिहिलं. 'पहिल्या पत्रातील आरोप खोटा आहे. मी चौकशी न करता लिहिला. चूक माझी आहे.' परत आल्यावर शनिवारी मी पान उघडलं आणि दहाचे चार स्वतः केले. बेचाळीस वह्याही मागवल्या आणि फुल्यांवर सही करून गुण दिले.

मार्चमध्ये निखत कायम झाली. ऑर्डर घेऊन ती माझ्याकडे आली, पेढाही दिला.

"अमरावतीला साहेबांनी बोलावलं होतं म्याडम. दोन्ही पत्रं वाचायला दिली."

"दुसरंही वाचलंस ना?"

"वाचलं. पण पहिलं आधी वाचलं. तुमी मले एकदा विचारलं असतं तं?"

मी माफी मागितली, तिनं मान हलवली आणि तासाला गेली.

कौशल्याला आता पानावर स्वतःचं नाव आहे. बियाण्याच्या पाकिटावरचं ती घडाघडा वाचते आणि माझी गणितं आधी तिच्या नजरेखालून जातात. निखतही माझ्याशी चांगलं बोलते, सणाला शीरखुर्मा पाठवते. पण संगणकासमोरून उठली, अगदी पाणी प्यायलाही उठली, तरी आधी ती पानावरून आपलं नाव काढते, पडदा कोरा झाल्याची खात्री करते आणि मग उठते. खोलीत मी एकटीच असले तरी.