पडद्यामागची पेटी

अकोल्यात किसनरावांच्या तंबूत सिनेमा लागायचा, तेव्हा पुरुष पडद्यासमोर बसत आणि बाया पडद्यामागं. कापड ओलं केलं की चित्र मागूनही लख्ख दिसे, फक्त उलटं. बायांच्या बाजूचा नायक कायम डावऱ्या हातानं तलवार चालवी. चित्रं मुकी होती, त्यामुळं वाजवणारे जागेवरच बसवावे लागत. पेटी बायांच्या बाजूला होती आणि ती वाजवायची मनकर्णा.

पुढच्या माणसांना हे ठाऊक नव्हतं. तंबूबाहेरच्या पाटीवर नाव तिच्या वडिलांचं होतं, नत्थुजी पेटीवाले. वर्षापूर्वी त्यांची बोटं वातानं आखडली, तेव्हा किसनरावांनी बरीच कुरकुर करून कबूल केलं की पोरीनं वाजवावं, पण बोभाटा करू नये. मनकर्णाला नावाची हौस नव्हती. वाजवायला मिळतंय, एवढ्यावरच ती खूश होती.

एकोणीसशे बत्तीसच्या दिवाळीनंतर समोरच्या बाजूला एक क्लॅरिनेटवाला आला. अमरावतीचा सूर्यभान. तिथं त्याचा दहा जणांचा बँड होता. पण कापसाचा भाव सलग तीन हंगाम पडलेला. पाच दिवसांची लग्नं लोक एका सकाळी उरकू लागले आणि बँड सांगणारं कुणी राहिलं नाही. सोबतचे नऊ जण कापसाची सरकी काढायच्या जिनात हमालीला लागले आणि हा क्लॅरिनेट घेऊन अकोल्याला आला.

पहिल्याच खेळात त्यानं मनकर्णाला वैताग आणला. पडद्यावर म्हातारा राजा प्राण सोडत होता आणि हा गडी वरातीचा ठेका धरून बसलेला. तिनं भाता जोरात ओढला, पेटी खालच्या सुरांत नेली. तो वरच. तिनं पुन्हा ओढली. राजा गेला, राणी रडायला लागली, तेव्हा कुठं क्लॅरिनेट नरमलं. मागच्या बाया मात्र रडायचं सोडून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पण माणूस शिकणारा निघाला. आठ दिवसांत तो तिच्या सुरामागून येऊ लागला, मग सोबत, आणि कधी कधी तर तिच्या मनातलं तिच्याआधीच वाजवून मोकळा होऊ लागला. मनकर्णा घरी भाकरी थापताना त्याच्या ताना गुणगुणायची. त्याचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं.

एके सकाळी तो नत्थुजींच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आला. क्लॅरिनेटच्या एका चावीची गादी निघाली होती. आत मनकर्णा पेटीचे सूर घासून जुळवत बसलेली. त्यानं नत्थुजींचे पाय धरले आणि सांगितलं, की दहा वर्षं बँडात वाजवलं, पण असा सोबती भेटला नाही, तुमी पडद्यामागून मले शिकवून राहिले. नत्थुजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते म्हणाले, बोटं जड झाली, नाहीतर याहून बरं वाजवलं असतं. मनकर्णानं ओठ दाताखाली धरला.

गादी बसली. तो पायरी उतरला आणि क्लॅरिनेटचं टोपण तिथंच विसरला. मनकर्णा ते घेऊन बाहेर आली.

"काल बागेच्या सीनले तुमी पंचमावर कावून थांबले?" ती म्हणाली. "मी तिथून खाली उतरत होती."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग आत नत्थुजींकडं, मग तिच्या बोटांकडं. नत्थुजी पेटीत डोकं घालून बसले होते. सूर्यभान पायरीवरच खाली बसला आणि हसत सुटला. शेजारचा वाणी बाहेर येऊन बघू लागला.

त्या संध्याकाळी फिल्म दोनदा तुटली, पण तंबूत कुणी शिट्टी मारली नाही. दोघं वाजवत राहिले आणि लोक कोऱ्या पडद्याकडं बघत ऐकत राहिले. पुढच्या महिन्याभरात त्या क्लॅरिनेटच्या सगळ्या गाद्या नव्या झाल्या. मग जुनं काही उरलं नाही, तरी तो दुकानात येतच राहिला.

होळीच्या सुमारास किसनरावांनी सांगितलं, की पावसाळ्याआधी बोलणारा सिनेमा येतोय, वाजवणाऱ्यांचं काम संपलं. सूर्यभान दुकानात आला. बराच वेळ नत्थुजींशी इकडचं तिकडचं बोलला, आणि निघताना म्हणाला, की एक विचारायचं होतं, पण आता कोणत्या तोंडानं विचारू.

"तुमी नाही विचारत, तं मीच विचारते," मनकर्णा आतून म्हणाली. "पेटी आन् क्लॅरिनेट दोन्ही बेकार होणारच हायेत. एकाच घरात होऊ द्या."

भावकीनं नाकं मुरडली. बँडवाल्याच्या घरी पोरगी द्यायची? नत्थुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीनं त्याचा सूर आधी पारखला, तोंड नंतर पाह्यलं. तुमी आपल्या कोण्या जावयाची एवढी पारख केली?" लग्नाला मात्र भावकी सगळी आली.

लग्न वैशाखात, अकोल्यातच. बँड ठरवायची ऐपत कुणाचीच नव्हती. पण सकाळच्या गाडीनं अमरावतीचे नऊ जण उतरले, ढोल, पितळी वाद्यं आणि बटणं तुटलेले लाल कोट घेऊन. जिनातून सुट्टी काढून आलेले. वरात निघाली, पण क्लॅरिनेटची जागा रिकामी. नवरदेवानं घोड्यावरून कोपऱ्यापर्यंत सोसलं. मग त्यानं क्लॅरिनेट मागवलं आणि मुंडावळ्या कानामागं सारून फुंक मारली. मांडवात हळदीच्या लुगड्यातल्या मनकर्णानं ते ऐकलं. मामी नको नको म्हणत असताना तिनं पेटी ओढली आणि उत्तर दिलं. सगळी गल्ली हसत, टाळ्या वाजवत उभी. मुहूर्त टळतो म्हणून भटजींनीच शेवटी हात जोडले.

पुढं दोघं अमरावतीला गेले. बँड पुन्हा जमला, आणि पेटी बैलगाडीवर चढली. बाई बँडात म्हणून पहिल्यांदा लोक हसले, मग मुद्दाम हाच बँड सांगायला येऊ लागले. पैशाऐवजी कुणी ज्वारी देई, कुणी तूर.

तेल्हाऱ्याच्या एका वरातीत तर नवरीनंच हट्ट धरला, की मले पेटी जवळून पाहायची आहे. ती शालूसकट गाडीवर चढली. मनकर्णानं तिचं मेंदीचं बोट एका काळ्या पट्टीवर ठेवलं आणि सांगितलं, हे दाबून धर, सोडू नको. सूर्यभान पुढं चालत वाजवू लागला, नवरदेवाचा घोडा त्याच्या मागं, आणि तो एक सूर धरून ती पोरगी हसत हसत सगळं गाव फिरली.