हलका हात

पार्लरच्या मागच्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती. टेबलावर साच्यांत ओतलेले साबण, तेलाच्या बाटल्या, क्रीमच्या डब्या आणि मधोमध पाण्याचा पांढरा टब. घरच्या घरी सौंदर्यप्रसाधनं करायला शिकवणाऱ्या मॅडम टबामागे डोळे मिटून उभ्या होत्या. समोर माझी वहिनी हातांना साबण चोळत होती.

आणि तिचे तळहात लाल होऊ लागले.

आधी रेषांमध्ये, मग नखांच्या कडेला. मग फेसच लालसर होऊन मनगटावरून ओघळला. पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मघाशी तिच्याकडून कात्री मागून घेणारीही सरकली, आणि कात्री तिने हळूच टेबलावर ठेवून दिली.

"साबण खोटं बोलत नाही, बायांनो," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका मऊ, की त्यात थोडं क्रीम घोटलं असावं. "दुकानातला साबण मळ काढतो. माझा साबण मनातलं काढतो. हिच्या हातांना नजर आहे. हे हात ज्याला जपायला जातील ते जळेल."

वहिनीने वळून आईकडे पाहिलं. माझी आई म्हणजे तिची सासू. आईच्या कडेवर दीड वर्षाची छकुली होती. तिच्या मानेच्या वळ्यांत आणि काखेत लालभडक चट्टे होते. आईने नातीला उराशी धरलं आणि सुनेकडे पाठ केली.

"तरीच," एवढंच ती म्हणाली.

आंघोळीच्या फसफसणाऱ्या गोळ्या करायला एका बरणीत पांढरी पूड ठेवलेली असे. मॅडमनी ती पाण्यात विरघळवून वहिनीच्या हातांवर ओतली. लाली उतरली. "ही तात्पुरती शांती," त्या म्हणाल्या. "पोरीला माझ्या मंत्रलेल्या साबणानेच आंघोळ घाला." त्याची किंमत विचारायची नव्हती, इच्छेला येईल ते ताटलीत ठेवायचं होतं. ताटली चांगली खोल होती.

मी देवभोळी नाही, पण ते लाल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येईपर्यंत मी वहिनीच्या हातांपासून जरा अंतर राखूनच चालले.

त्या दिवसापासून वहिनीने लेकीला हात लावायचा नाही असं ठरलं. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लागायचं आणि आतून छकुली किंचाळायची. "विष निघतंय," आई आतून सांगायची. वहिनी बाहेर जमिनीवर बसलेली असायची, दोन्ही हात काखेत दाबून, जणू ते सुटले तर कुणाला तरी चावतील.

"वन्सं," एकदा तिने विचारलं, "मी तिला खरंच काही करत असेन का? झोपेत?"

चट्टे मानेवरून पाठीवर उतरले होते. वहिनीला काही दिवस माहेरी पाठवावं, असं दादा खाली मान घालून म्हणाला. आणि पोर इथेच राहील, असं आई म्हणाली.

निघायच्या आदल्या सकाळी वहिनी कपडे धूत होती. तिने मला हाक मारली ती इतक्या बारीक आवाजात, की मी धावतच गेले. क्लासला घातलेल्या कुडत्याची बाही तिच्या हातात होती. बाहीवरचा पिवळा डाग साबणाखाली लाल झाला होता.

"आता माझ्या कपड्यांतूनही निघायला लागलं."

मी तो डाग पाहत राहिले. असा डाग मी जन्मभर धूत आले आहे.

"हे पिवळं कशाचं?"

"हळदीच्या लेपाचं. मॅडमनी मलाच कालवायला सांगितला. तुझा हात हलका आहे म्हणाल्या."

"त्याच्या आधी कोणाचा हात हलका होता?"

"मागच्या क्लासला त्या शिवणकामवाल्या काकूंचा."

"आणि त्या दिवशी हात लाल कोणाचे झाले?"

वहिनीचा हात बाहीवरच थांबला. "त्यांचेच," ती म्हणाली.

हिशेब सोपा होता, फक्त भीतीपोटी कुणी मांडला नव्हता. मग दुसरा हिशेब आठवला. छकुलीचे चट्टे आधीचे, की पहिल्या क्लासहून आणलेला साधा साबण घरात आला तो आधी? साबण आधी. मी पोर आणि मंत्रलेली वडी दोन्ही उचलून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी वडीच्या फेसात क्षार तपासायची कागदाची पट्टी बुडवली. ती गडद निळी झाली.

"साबण करताना तेलात कॉस्टिक सोडा घालतात. यात तो प्रमाणाबाहेर आहे. याने फरशी घासा. अजून थोडे दिवस पोरीला लावला असता तर कातडी सोलली असती."

"डॉक्टरांना नजरेतलं काय कळतंय?" आई म्हणाली. म्हणून वहिनीचं माहेरी जाणं थांबवून पुढच्या क्लासला आम्ही सगळ्याच गेलो.

"मॅडम," मी म्हटलं, "आज लेप तुम्ही कालवा आणि साबणाने हात धुवा."

"मी शिकवते. कालवत नाही."

"का बरं? हात जड आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा आईच पुढे झाली. पोर माझ्याकडे दिली आणि लेपात दोन्ही हात घातले. "माझ्या हातांत काही नाही, बघाच," ती म्हणाली. मॅडम लगबगीने म्हणाल्या, "अहो आजी, राहू द्या." पण आईने हात पाण्याने स्वच्छ धुतले आणि मग साबण चोळला.

रेषा लाल झाल्या, नखांच्या कडा लाल झाल्या. माझ्या आईचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते.

"म्हणजे मी?" ती म्हणाली. "पोरीला रोज आंघोळ मीच..."

वहिनीला गप्प बसता आलं असतं. तिने बरणीतली पूड पाण्यात कालवली आणि सासूच्या हातांवर ओतली. लाल पुन्हा पिवळं झालं.

"हळद आहे, आई. साबणाने लाल होते, या लिंबूसत्त्वाच्या आंबट पाण्याने पुन्हा पिवळी. नजर तुमच्याही हातांत नाही, माझ्याही नाही. पोर साबणाने जळली."

मॅडम ताटली उचलून पार्लरमधून बाहेर पडू पाहत होत्या. दारात शिवणकामवाल्या काकू उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

हळदीचा डाग साबणाने लाल होताना आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही? तेव्हा आपण कपड्याला पापी म्हटलं नाही. तोच रंग माणसाच्या हातावर दिसला आणि आपण मागे सरकलो. मीही सरकले. पुढच्या वेळी कुणी असं काही दाखवलं तर घाबरा हवं तर, पण मागे सरकण्याआधी एवढं विचारा, की या हातांना मघाशी काय लागलं होतं?

आईने छकुलीला माझ्याकडून घेतलं आणि वहिनीपुढे धरलं. वहिनीने आधी हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"अगं घे," आई म्हणाली. "घे आता."