नंदाच्या फोटोचे पाणी

मित्रांनो, मला पाहून लहान मुले विचारतात, हे शिवणयंत्र आहे का? नाही रे बाळांनो, मी एक जुना एन्लार्जर आहे. माझ्या डोक्यात दिवा आहे, त्याखाली निगेटिव्हची खाच आणि तळाशी भिंग. नखाएवढा चेहरा मी कागदावर हातभर मोठा करून दाखवतो.

मी कुठे घडलो, ते सांगणारी पाटी कधीच झिजून गेली. माझी आठवण सुरू होते ती घाटकोपरच्या डोंगरावर, भीमराजच्या एका खोलीच्या घरात. भीमराज लग्नांचे फोटो काढत असे. भरदुपारी खिडकीला काळे कापड लावायचे, लाल दिवा पेटवायचा आणि आम्ही दोघांनी कामाला लागायचे. नवरा-नवरी, करवल्या, रुसलेले व्याही, सगळे माझ्याखालून गेले. भीमराजचे फोटो पिवळे पडत नाहीत, असा त्याचा लौकिक होता.

त्याचे गुपित होते पाणी. रसायनातून काढलेला फोटो तासभर पाणी बदलत धुवावा लागतो. नाहीतर काही वर्षांनी तो डागाळतो. आणि डोंगरावर नळ कुठला? भीमराजची बायको नंदा पायथ्यावरून हंडे वाहून आणी. लग्नात फोटोसाठी उजेडाचा दिवा धरून उभी राही तीसुद्धा तीच. वाहवा मात्र भीमराजची आणि माझी. मीही तेव्हा ताठ मानेने मिरवत होतो, खोटे कशाला बोलू?

तिचा फोटो त्याने एकदाच काढला. एका लग्नात रिळाची शेवटची फ्रेम उरली होती, म्हणून. त्या दुपारी फोटो धुवायला टाकला, तशी नंदा म्हणाली, "अहो, बास झालं. माझ्या तोंडावर कशाला पाणी घालवताय? भांडी पडलीत अजून." भीमराजने लगेच फोटो बाहेर काढला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पुढे रंगीत फोटो आले, मग मोबाइल आले आणि माझे काम संपले. भंगारवाला दोनदा दारात आला. नंदाने मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि त्याला वाटेला लावले. लेक चेतनाच्या नाहूरच्या घरी सगळे राहायला आले, तेव्हाही मी बरोबर आलो आणि माळ्यावर पडून राहिलो. कित्येक वर्षे माझ्या दिव्याला वीज शिवली नाही.

गेल्या वर्षी नंदा वारली. तिचा फोटो शोधायला घेतला, तर त्या एकुलत्या एका फोटोवर तपकिरी डाग पसरला होता आणि त्यात चेहराच गेला होता. मोबाइलमध्ये सगळीकडे तिचा आडवा हात होता. "माझा नको, पोरांचा काढा." आधार कार्डावरचा चेहरा तर तिला स्वतःलाच ओळखू येत नसे.

तिच्या स्मरणाचा, वर्षाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस आला. आदल्या दिवशी भीमराजने मला खाली काढायला लावले. लुगड्याच्या घडीत निगेटिव्हचे पाकीट होते. नंदानेच ते जपले होते. चेतनाने बाजारातून कागद आणि रसायने आणली, न्हाणीघराच्या खिडकीला काळा पुठ्ठा लावला, दाराच्या फटीत गोधडी कोंबली, बादल्यांवर फळी टाकली आणि मला त्यावर उभे केले. भीमराजचे डोळे काचबिंदूने गेलेले. तो सांगत होता, ती करत होती. माझा दिवा लागला, तेव्हा माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

कागद रसायनात गेला आणि चेतना ओरडली, "पप्पा, आई आली!"

"कशी आहे गं?"

"हसतेय. हातात दिवा आहे."

भीमराज त्या कागदावर वाकला, जणू त्याला दिसणार होते.

मग धुण्याची वेळ आली. त्या दिवशी इमारतीत पाणीकपात होती, घरात भरून ठेवलेले पाणीच काय ते होते. चेतना म्हणाली, "पप्पा, वीस मिनिटं बास की. उद्या माणसं येणार, पाणी लागेल ना."

"तुझी आई पण असंच म्हणाली होती," भीमराज म्हणाला. "आणि मी ऐकलं. मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं."

त्याने चाचपडत तांब्या घेतला. नंदाच्या फोटोवर तो पाणी घालत राहिला, एक बादली संपली, दुसरी संपली. चेतनाने त्याला अडवले नाही. ती शेजाऱ्यांकडे हंडा मागायला गेली.

दुसऱ्या दिवशी मेणबत्त्यांच्या उजेडात सगळे म्हणाले, किती हसरी होती नंदा! ज्याने तो फोटो करवला, त्याला तेवढा तो दिसला नाही. वरातीमागून आलेले घोडे आम्ही, तो आणि मी.

मित्रांनो, आता मी पुन्हा माळ्यावर आहे. माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाहीत तरी मी रागावणार नाही. पण तुमच्या घरात "माझा नको" म्हणणारे कुणीतरी असेल. त्या माणसाचे ऐकू नका. त्याचा फोटो आधी काढा, आणि पाणी त्याच्या वाट्याला पुरते येऊ द्या.