हलकाऱ्यासाठी इंग्रजी शब्द

जानेफळच्या शाळेचे मार्तंड मास्तर गावाचं पोस्टही सांभाळत. एके दिवशी वरच्या साहेबाचा कागद आला: डाक चार तास उशिरा का पोचली, खुलासा पाठवा.

कडूबा हलकारा बावीस वर्षं मेहकरहून डाकेची थैली पायी आणत होता. त्या दिवशी ओढ्याकाठी टेकला, तो बसल्या बसल्या झोपलाच. थैली मात्र मांडीवर. हलकाऱ्यानं ती वाटेत भुईवर ठेवायची नसते.

खुलासा इंग्रजीत हवा. मास्तरांनी डिक्शनरी उघडली. "‘टायर्ड’ लिहिलं तर साहेब म्हणेल, संध्याकाळी कोण नसतो? ‘एक्झॉस्टेड’ म्हणजे पार उपसलेला, आत काही न उरलेला. तो लिहिला की तुझी नोकरी गेली."

"मास्तर, थकलो असं काई लिवूच नका," कडूबा म्हणाला. "थकल्या मानसाच्या हाती सरकार थैली देत नाई."

"मग झोपलास काऊन, सांग."

कडूबा काठीला बांधलेली घुंगरं चाचपू लागला.

इंग्रजांनी थकण्याच्याही पायऱ्या पाडून ठेवल्यात, मास्तर पुटपुटले आणि त्यांनी पान उलटलं. "हा बघ, ‘फटीग’. लांबची कूच करून आलेल्या शिपायांना लावतात. विश्रांती दिली की गडी पुन्हा उभा."

"हाव, हा लिवा," कडूबा खुलला. "हा मानाचा हाय."

मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. पूर्वी कडूबाच्या काठीची घुंगरं गावाबाहेरून धावत येत. दिवाळीपासून ती थांबत थांबत येत होती. पण कडूबासाठी एवढी लबाडी करताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: चार दिवस विश्रांती, तोवर बदली माणूस. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी शाळा अर्धा तास आधी सोडली.

पाचव्या दिवशी थैली आली ती बदली माणसाच्याच खांद्यावर. मागून कडूबा आला. घुंगरं वाजू नयेत म्हणून काठीला पटका गुंडाळलेला. काठी त्यानं टेबलावर ठेवली.

"चार दिवस झोपलो मास्तर. घरवाली जेवाले उठवे, जेवलो की पुन्हा झोपलो. गेला नाई तो."

"कोण?"

"तुमचा फटीग. शिपायाचा जाते म्हनलं होतं तुमी."

"आणखी आठ दिवस मागू रे," मास्तर घाईनं म्हणाले.

"नको. येखाद्या दिवशी झोपेत थैली मांडीवरून पडन. तो दुसरा लिवा. उपसलेला."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि त्या माणसाचा अभिमानही वाटत होता. त्यांनी तो शब्द लिहिला.

कडूबाला वाचता येत नव्हतं, तरी तो ओणवून कागद बघत राहिला. मग त्यानं शब्दापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"अन् इथं लिवा, थैली कदीच भुईले टेकली नाई."